शांतता! कोर्ट चालू आहे

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे तीन अंकी नाटक. ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली १९६७ मध्ये ते रंगभूमीवर आणले, लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. प्रयोगासाठी खेड्यात आलेली हौशी नटमंडळी वेळ घालविण्याकरिता बेणारेवर भ्रूणहत्येचा लुटुपुटूचा खटला चालवितात आणि पाहता पाहता खेळाची शिकार बनते. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘क्राउन कोर्ट’ (१९७२–८४) या मालिकेत सामान्य नागरिक ज्यूरी म्हणून बसत व निकाल खरोखरच त्यांच्या हाती असे. येथे साक्षीदार, वकील, न्यायाधीश सारे एकाच मंडळीतले. निकाल मनोमन आधीच झालेला. ज्यांच्यापासून ती गर्भवती आहे, ते प्रा. दामले मात्र रंगमंचावर येतच नाहीत. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे हे न्यायालय अखेर गर्भच नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते, हा उपरोध भेदक आहे. बेणारेचे दीर्घ स्वगत काहीसे अलंकृत, तिच्या एरवीच्या खट्याळ बोलण्याशी पुरते न जुळणारे वाटते. परंतु त्या वेळी इतर पात्रे गोठलेली असल्याने तिचा बचाव न्यायालयाच्या कानी पडतच नाही, ही योजना समर्पक होय. सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर १९७१ मध्ये मराठी चित्रपट काढला.