मिश्रमाध्यमाचे अंगण : ‘रंगबहार’ची मैफल आणि माझा एक चुकलेला शेरा

मी कलाशाळेत शिकलेलो नाही. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवर वर्षानुवर्षे खतावण्या लिहिल्या आणि उरलेल्या वेळात कोल्हापूरच्या चित्रकारांविषयी जे हाती लागेल ते टिपून ठेवले. नोंद करणे एवढीच काय ती माझी विद्या. म्हणून या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकलेल्या नोंदीपासून करतो.

टाऊन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ ही संस्था ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. झाडांखाली कोणी जलरंगात निसर्ग उतरवतो, कोणी समोर बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र करतो, कोणी तोच चेहरा मातीत घडवतो, कोणी रांगोळीत रमतो. आणि या सगळ्यांच्या कानांवर गाणे पडत असते. चित्रकार श्यामकांत जाधव यांचे नाव या संस्थेशी कायमचे जोडलेले आहे. संस्था चालते ती कलावंतांच्याच हौसेवर आणि श्रमांवर. आज सतरंजी अंथरणारा हात उद्या ब्रश धरतो. ‘मिश्रमाध्यम कलावंतांचा समूह’ हे नाव तिला मी देतो आहे, आणि ते का देतो ते सांगायला हवे.

मिश्रमाध्यमाचा इतिहास लिहिताना पिकासोपासून सुरुवात करण्याची रीत आहे. त्याने १९१२ साली कॅनव्हासवर वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चिकटवले आणि चित्राभोवती दोरखंड गुंडाळला. ते खरेच आहे. पण त्याच सुमारास कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत होते, आणि पुढे सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनवण्याच्या खटपटीत पडले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने तो कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. देखावे, मूर्ती, यंत्र, वेशभूषा, जाहिरातीची चित्रे हे सारे एकाच छपराखाली तयार होत होते. दामले यंत्रात रमणारे, फत्तेलाल रंगरेषेत. १९२९ साली ‘प्रभात’ उभी करणाऱ्यांत हे दोघे आणि शांतारामबापू होते, आणि तिघेही याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले.

या दोन घटनांची बरोबरी मी करत नाही. पिकासोने एका चौकटीत दोन वस्तू एकत्र आणल्या; मिस्त्रींनी एका अंगणात अनेक कसब एकत्र आणले. कोल्हापूरचे मिश्रमाध्यम हे आधी माणसांचे मिश्रण आहे. चंद्रकांत मांडरे पडद्यावर नट होते आणि कागदावर पावडर शेडिंगने निसर्ग उभा करत होते, याचे या गावाला कधी नवल वाटले नाही. ‘रंगबहार’ची बाग याच अंगणाचा विस्तार आहे, असे माझे मत आहे.

मात्र शेजार म्हणजे संवाद नव्हे. शिल्पकार आणि जलरंगकार दहा पावलांवर बसतात, पण एकाची माती दुसऱ्याच्या कागदाला लागतेच असे नाही. शिवाय मैफलीला वेळेचे बंधन असते. काही तासांत जे डोळ्यांदेखत पुरे होते त्याला दाद मिळते. व्यक्तिचित्रात नाक जमले, डोळ्यांत पाणी आले, की गर्दी ‘वा!’ म्हणते. या गावाची ती जुनी आवड आहे आणि तिच्यामागे आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव यांचे मोठे संचित आहे. पण थरावर थर चढवायचे, खळ सुकू द्यायची, पुन्हा खरवडायचे अशा कामाला गर्दीचे घड्याळ मानवत नाही.

माझी चूक इथलीच. एका वर्षी बागेच्या कडेला एक मुलगी प्लायवूडवर चपलांच्या कारखान्यातली चामड्याची कातरणे चिकटवत होती. मधूनमधून त्यांवर पातळ रंग सोडत होती. मी तिच्याकडे एकदा पाहिले आणि व्यक्तिचित्राभोवतीच्या गर्दीत शिरलो. परतलो तेव्हा ती सामान आवरत होती. खळ ओलीच होती. घरी येऊन मी वहीत त्या व्यक्तिचित्रावर दोन पाने लिहिली. तिच्यासाठी लिहिले एवढेच : ‘चामड्याचे काम. अपूर्ण.’

पुढे कधीतरी वही चाळताना हा शेरा खुपला. ते काम अपूर्ण होते की माझे पाहणे? चपलेचे चामडे हा या गावाचा जीव. त्याची कातरणे चित्रात आली, म्हणजे मिस्त्रींच्या अंगणातली रीत एका फळीवर उतरत होती. कारागिराच्या हातचा माल आणि चित्रकाराची नजर एकमेकांना भिडत होती. ज्याची मी पुस्तकांत वाट पाहत होतो ते समोर होते, आणि मी त्याला व्यक्तिचित्राच्या मापाने मोजले. तिचे नाव मी विचारले नाही. आता ते काम कुठे आहे, हे शोधायला माझ्याकडे धागा नाही.

म्हणून अशा समूहाची वाढ मोजायची ती हजेरीच्या आकड्यांवरून नव्हे. कडेला बसलेल्याच्या कामाला शब्द मिळतो का, हे पाहायला हवे. स्वयंसेवक जागा देतात, सतरंजी देतात, सूर देतात. शब्द देणे हे आम्हा लिहिणाऱ्यांचे काम, आणि त्या बाजूला आमच्या नावे बाकी मोठी आहे. ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या गावाने पाहिले. टिकेल असे वाटणारे टिकत नाही, मग ओल्या खळीवरचे चामडे किती टिकणार?

आता मी मैफलीला जातो तेव्हा आधी बागेला कडेकडेने एक फेरी मारतो. कोणत्या वस्तू वापरल्या, काय कशावर चिकटवले, उठताना काम कुठवर आले होते, हे लिहितो आणि नाव विचारतो. व्यक्तिचित्राची गर्दी माझ्यावाचून अडत नाही. आणि ‘अपूर्ण’ हा शब्द वहीत आला, तर तो कोणाविषयी लिहितो आहे, हे एकदा तपासून घेतो.