वहीतले आलाप

गिरगाव-दादरच्या गाण्याच्या वर्गात जाऊन आठवी-नववीतल्या मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात. भूप, दुर्गा, यमन. बंदिशीखाली चार आलाप, त्यांखाली आठ मात्रांच्या चार ताना, शेवटी तिहाई. मुलं हे सगळं चोख पाठ करतात आणि समेवर बिनचूक येतात. पण तोच मुखडा धरून "आता तुझं काहीतरी म्हण" असं सांगितलं की वर्ग गप्प होतो. ख्यालाचा जीव उपजेत आहे आणि नेमकी तीच आपण शाळकरी मुलांना शिकवत नाही. मुंबईतल्या संगीतशिक्षणाची ही सर्वांत मोठी उणीव आहे, असं माझं मत आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईत. घराण्यांबाहेरच्या मुलामुलींना एकत्र बसवून शिकवायचं तर स्वरलिपी हवी, क्रम हवा, परीक्षा हवी. वाळकेश्वरला जन्मलेल्या भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'त शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या आणि रागांचे स्वरविस्तारही दिले. ते विस्तार रागाचं चलन कळावं म्हणून होते, पाठांतरासाठी नव्हते. पण परीक्षा आली की पालकांना निकाल हवा असतो. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे घाई आणखी वाढते. मग शिक्षक आलाप लिहून देतो. तीस मुलांच्या वर्गात त्याच्यापुढे दुसरा सोपा मार्ग नसतो, हेही मान्य करायला हवं.

तरीही याच शहरात वेगळं घडलेलं आहे. पलुस्करांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं. ऑपेरा हाऊसजवळच्या त्या शाळेत अकरा-बारा वर्षांचा कुमार गंधर्व आला, तेव्हा तो थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवत असे. असा मुलगा हाती आल्यावर त्याला फक्त मैफलींतून मिरवणं सोपं होतं. देवधरांनी त्याला घडवलं, अनेक घराण्यांचं गाणं ऐकवलं, विचार करायला लावलं. नक्कल ज्याला सहज जमते त्याला उपजेकडे वळवणं हे मंद गळ्याच्या मुलाला शिकवण्याइतकंच अवघड आहे. आजच्या वर्गांत हुशार मुलाकडे याच बाबतीत सर्वाधिक दुर्लक्ष होतं. त्याला आणखी एक द्रुत तान मिळते, एवढंच.

भेंडीबाजार घराण्याने तर आपल्याला हातात धरता येईल अशी रीत दिली आहे: मेरखंड. तीन स्वरांची उलटापालट करून सहा रचना होतात, चारांच्या चोवीस, सातांच्या पाच हजार चाळीस. त्यातल्या रागात बसतील त्या घ्यायच्या. अमानअली खाँसाहेबांच्या गायकीतलं हे तत्त्व मोठ्यांसाठीच आहे असं मानायचं कारण नाही. सा, रे, ग एवढेच स्वर देऊन त्यांच्या सहा रचना मुलांनाच शोधायला लावल्या, तर कच्च्या मुलालाही स्वतःचं काही सापडतं.

परळ-लालबागकडे गेलं की उत्तर आणखी जवळ दिसतं. कोकणातून गिरण्यांत आलेल्या माणसांनी इथे भजनी मंडळं उभी केली, आणि डबलबारी अजूनही त्यांच्या वस्तीत रंगते. दोन बुवा समोरासमोर, पेटीवर हात, मागे झांजा आणि कोरस, पखवाजाची साथ. समोरच्याने टाकलेल्या प्रश्नाला गजरातून तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. परशुराम पांचाळ, काशीराम परब, चिंतामणी पांचाळ ही नावं घराघरात पोहोचली ती या हजरजबाबी गाण्यामुळे. इथे मूल आधी झांज धरतं, मग कोरसला बसतं, ओळ उचलतं, आणि त्यातलंच एखादं पुढे पेटीवर बसतं. ज्याचा गळा बेताचा त्यालाही बारीत जागा असते. शास्त्रीय वर्गांनी या पद्धतीकडे हलकं समजून पाहिलं, हे त्यांचं नुकसान झालं.

वर्गात हे असं आणता येईल: मुखडा सगळ्यांनी म्हणायचा, मधलं एक आवर्तन एकेकाने स्वतः भरायचं. सुरात डळमळणाऱ्याने दोन-तीन स्वर लांबवले तरी चालेल, अट एकच, मुखड्यावर वेळेत यायचं. तयार मुलाला उलट बंधन घालावं: तान नाही, पंचमाच्या वर जायचं नाही. मग त्याला विचार करावाच लागतो. आवाज फुटणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी गळा दगा देतो आणि अनेकजण गाणं सोडतात. देवधरांनी आवाजाच्या जोपासनेचा खास अभ्यास केला होता, तो शिक्षकांपर्यंत पोहोचायला हवा. अशा मुलाला वर्षभर खालच्या पट्टीत, थोड्या स्वरांत गाऊ द्यावं किंवा ठेका धरायला बसवावं. तिहाई रचण्यासाठी गळा लागत नाही.

परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलणार नाही. म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थांना विनंती आहे: प्रवेशिकेपासूनच तोंडी परीक्षेत तीन मिनिटं राखून ठेवा. शिकलेल्या रागातला, पण न शिकवलेला मुखडा मुलाला द्या आणि तीन आवर्तनं त्याची त्याला भरू द्या. चुकलं तरी प्रयत्नाला गुण द्या.