वाळवीचे वर्गीकरण आणि तिचे अनुकारी भुंगेरे : एक चिकित्सा

वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत ओट्याखालचे झुरळ आणि लाकडी कपाट पोखरणारी वाळवी हे दोन निराळे उपद्रव समजले जात. वाळवीला तर ‘पांढरी मुंगी’ असेच नाव पडले. वसाहत, कामकरी आणि सैनिक हे साम्य डोळ्यांना दिसते. परंतु मुंगीच्या वाढीत कोषावस्था असते, वाळवीच्या वाढीत ती नसते. २००७ मध्ये इनवर्ड, बेकालोनी व एगल्टन यांच्या जनुकीय अभ्यासाने वाळवी ही झुरळांच्याच वंशवृक्षाची शाखा असल्याचे दाखविले. तिचा ‘आयसॉप्टेरा’ हा स्वतंत्र गण आता ‘ब्लॅटोडिया’ या झुरळांच्या गणात समाविष्ट केला जातो. लाकूड खाणारे क्रिप्टोसर्कस झुरळ हे तिचे सर्वांत जवळचे नातलग होय. तात्पर्य, खोलीतील ते दोन उपद्रव एकाच वंशाचे होते.

मराठी बोलीत मातीचे उंच वारूळही मुंग्यांच्या नावे जमा होते. वस्तुतः ते वाळवीचे बांधकाम. त्यातील नाग सर्वांना ठाऊक आहे. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण खऱ्या अर्थाने लागू पडते ती मात्र आत राहणाऱ्या स्टॅफिलिनिडी कुळातील काही भुंगेऱ्यांना. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून वर्णिलेल्या ‘ऑस्ट्रोस्पिराक्था कारिजोई’ या भुंगेऱ्याचे फुगलेले उदर पाठीवर वळलेले असून त्याला वाळवीचा आकार व पायांसारखी उपांगे आहेत. हा पाहुणेपणा प्राचीन आहे : वाळवीसोबत राहण्यास अनुकूलित झालेल्या भुंगेऱ्याचा सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म म्यानमारच्या अंबरमधून २०१७ मध्ये वर्णिला गेला.

येथे प्रश्न उपस्थित होतो तो ‘अनुकृती’ या संज्ञेचा. हे सोंग पाहणार कोण? वारुळात काळोख असतो आणि बहुतेक वाळवींतील कामकरी आंधळे असतात. यजमानाची परीक्षा स्पर्शिकांची आणि गंधाची आहे. म्हणून आकाराचे साम्य स्पर्शाला फसविण्यासाठी असावे, हे गृहीतक अधिक सयुक्तिक ठरते. तरीही गंधाची जोड असल्याखेरीज केवळ आकारावर प्रवेश मिळत असेल, असे मानणे कठीण आहे.

दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. मानवी डोळ्याने वाळवीला मुंगी ठरविले आणि त्याच डोळ्याने भुंगेऱ्याच्या सोंगाचा अर्थ लावला. वर्गीकरण शिकविताना रूपापूर्वी वंश आणि अनुकृती शिकविताना नक्कल करणाऱ्यापूर्वी फसणाऱ्याची इंद्रिये विचारात घेतली जावीत, हे या चिकित्सेचे फलित होय.