भ्रमिष्टाची साक्ष

रामन राघव हे नाव आमच्या जोगेश्वरीत सत्तरी ओलांडलेल्या मंडळींसमोर उच्चारले, तर आजही बोलणे क्षणभर थबकते. १९६८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत झोपड्यांतून व पदपथांवर निजलेल्या माणसांची डोकी कोणी अज्ञात इसम रात्रीच्या वेळी जड, बोथट वस्तूने ठेचून जात होता. ज्यांच्या घराला भक्कम दार होते त्यांनी ते आतून घट्ट लावून घेतले. ज्यांना दारच नव्हते त्यांनी जागरण केले. तो मांजराचे रूप घेतो अशीही वदंता त्या वेळी उठली होती म्हणतात. २७ ऑगस्ट १९६८ रोजी अॅलेक्स फियालो या उपनिरीक्षकाने डोंगरी भागात रस्त्याने चाललेल्या एका माणसास वर्णनावरून ओळखून पकडले, आणि त्या वदंतेला एकदाचा देह मिळाला.

या माणसाच्या नावावर दोन उल्लेखनीय चित्रपट निघाले. पहिला श्रीराम राघवन यांचा, १९९१ मधील. दुसरा अनुराग कश्यप यांचा ‘रामन राघव २.०’, २०१६ मधील. दोन्ही हिंदी आहेत, आणि मराठी मासिकाने त्यांची दखल का घ्यावी असा प्रश्न कोणी चोखंदळ वाचक विचारील. परंतु हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर जो विचार मनात घोळू लागला तो केवळ चित्रपटापुरता नाही. तो कथनकलेच्या मुळाशी जाणारा आहे. ज्याचे वास्तवाचे भान सुटले आहे अशा माणसाच्या तोंडून निघालेली कथा आपण कशी ऐकावी, आणि ती सांगणाऱ्या लेखकाने तिच्याशी किती प्रामाणिक राहावे, हा तो विचार होय.

अविश्वसनीय निवेदक ही काही आजची क्लृप्ती नव्हे. एडगर अॅलन पो याने १८४३ मध्ये लिहिलेल्या ‘द टेल-टेल हार्ट’ या गोष्टीतील खुनी आपण वेडे नाही हे पटविण्याचा जो आटापिटा करतो, त्यातूनच त्याचे वेड उघडे पडते. पुढे १९२० मधील ‘डॉ. कॅलिगारी’ या जर्मन मूकपटात सगळी हकीकत सांगणारा तरुणच वेड्यांच्या इस्पितळातला निघतो, तर १९२६ मध्ये अॅगाथा ख्रिस्तीबाईंनी शुद्धीवर असलेल्या, पण सत्य लपविणाऱ्या निवेदकाला पुढे करून वाचकांना चांगलेच चकविले. म्हणजे एक भ्रमिष्ट आणि दुसरा लबाड, असे दोन प्रकार फार पूर्वीच रूढ झाले. आजच्या मनोविश्लेषणात्मक रहस्यकथेने त्यांत तिसऱ्याची भर घातली आहे, आणि वाचकांच्या प्रेमास तोच अधिक पात्र झाला आहे. हा तिसरा स्वतःवरच संशय घेतो. ‘मी पाहिले ते खरोखर घडले काय? खोलीत ती बाई होती की नव्हती?’ असे तो पानोपानी विचारीत राहतो, आणि आपणही त्याच्याबरोबर चाचपडत राहतो. १९४९ मध्ये मालाडच्या बॉम्बे टॉकीजने काढलेल्या ‘महल’मधील अशोककुमारचा नायक याच जातीचा. (त्या चित्रपटाचे दिग्दर्शक कमाल अमरोही यांनी पुढे आपला स्टुडिओ आमच्या जोगेश्वरीतच उभारला, हे येथे सहज सांगून ठेवतो. जोगेश्वरीची प्राचीन लेणी पाहणाऱ्यास पायऱ्या उतरून अंधारात गेल्यावर खांब कोणता व सावली कोणती हे काही वेळ कळत नाही; कमाल अमरोहींचा तो महालही तसाच आहे.)

या तिसऱ्या निवेदकाचे आकर्षण कशात आहे? माझ्या मते त्याच्या सौजन्यात. तो संशय घेतो म्हणजे त्याची बुद्धी अद्याप शाबूत आहे. तो आपल्यासारखाच आहे, फक्त अडचणीत सापडला आहे. आपण त्याच्या शेजारी निर्धास्तपणे बसू शकतो.

खरा रामन राघव असा नव्हता. त्याने स्वतःवर कधीच संशय घेतला नाही.

पकडल्यानंतर काही दिवस तो बोलेना. तेव्हा गुन्हे अन्वेषण शाखेचे प्रमुख असलेले रमाकांत कुलकर्णी यांनी त्याच्या तपासाची हकीकत पुढे सांगितली आहे. ती अनेकांच्या वाचनात असेल. काय हवे असे विचारता त्याने कोंबडीचे जेवण मागितले. मग डोक्याला लावावयास तेल, कंगवा व आरसा मागितला. पोटभर जेवून, केस विंचरून, आरशात स्वतःला निरखून झाल्यावर तो बोलू लागला, आणि मग जे बोलला ते थांबता थांबेना. त्याने पोलिसांना उपनगरांत हिंडवून हत्यार कोठे दडविले ते दाखविले. कोठे, केव्हा, कोणाला मारले ते सांगितले, आणि त्यातील पुष्कळसे जागेवर जुळले.

येथे टीकाकाराने थोडे थांबावयास हवे. कादंबरीतील भ्रमिष्ट निवेदकाच्या बाबतीत आपणास घटनांचा संशय असतो. खून झाला की नाही, प्रेत होते की नव्हते, हेच कोडे असते, आणि अखेरच्या प्रकरणात ते सुटले की कादंबरी मिटून आपण झोपावयास मोकळे. या माणसाच्या कबुलीजबाबात नेमके उलट आहे. घटना खऱ्या, हत्यार खरे, प्रेते खरी. खोटे आहे ते फक्त कारण. घटनांच्या बाबतीत हा निवेदक विश्वसनीय आहे, कारणांच्या बाबतीत अजिबात नाही. दुर्दैव असे की, मेलेल्यांचे आप्त विचारीत होते ते ‘का?’ एवढेच, आणि त्याचे उत्तर देण्यास संबंध शहरात हा एकच माणूस होता.

त्याची कारणे पुढे नोंदविली गेली ती उच्च न्यायालयामुळे. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. आरोपीने अपील केले नाही. शिक्षा कायम करण्यापूर्वी त्याची मानसिक अवस्था तपासण्यासाठी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमावयास सांगितले. मंडळाने त्याच्याशी पाच बैठकींत संभाषण केले. त्याच्या लेखी जगे दोन होती. एक ‘कानून’चे, दुसरे हे आपले. आपण त्या कानूनचे प्रतिनिधी आहोत, आपण ‘शक्ती’ आहोत, लोक आपणास पुरुषाचे स्त्री करू पाहतात पण कानूनमुळे त्यांचे काही चालत नाही, देशात अकबराचे, इंग्रजांचे व काँग्रेसचे अशी तीन सरकारे असून तिन्ही आपल्या पाठीस लागली आहेत, असे त्याचे अढळ मत होते. तज्ज्ञांनी रोगाचे नाव दिले: जुना, संशयभ्रमाचा स्किझोफ्रेनिया. अखेर फाशी टळली आणि जन्मठेप झाली. येरवड्याच्या तुरुंगात वर्षे काढून १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला.

भारतीय दंडविधानाच्या ८४ व्या कलमात असा प्रश्न होता की, कृत्य करतेवेळी ते गैर किंवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास आरोपी मनोविकृतीमुळे असमर्थ होता काय? आता ज्या माणसाची ठाम समजूत अशी की, कायदा म्हणजे आपण स्वतःच, त्याला हा प्रश्न विचारणे म्हणजे नदीला तिच्या काठाचे गाव विचारण्यासारखे आहे! कोणत्याही कादंबरीकाराच्या प्रतिभेने हा विरोधाभास रचला नाही. तो न्यायालयाच्या कागदांतून आला.

अशा सामग्रीचे दोन दिग्दर्शकांनी काय केले ते पाहू. राघवन यांचा चित्रपट सुमारे सत्तर मिनिटांचा, व्हिडिओवर चित्रित केलेला, चित्रपटगृहांपर्यंत न पोहोचलेला. त्यात रामनची भूमिका रघुवीर यादव यांनी केली आहे. त्याच सुमारास दूरदर्शनवर हेच नट मुंगेरीलाल होऊन घराघरांत हसवून गेले होते. मुंगेरीलालही दिवास्वप्नांत वावरणाराच. त्याचे स्वप्न मोडले की आपण हसतो. रामनचे मोडतच नाही. यादवांनी त्याला राक्षस केले नाही की दयेचा धनी केले नाही. बसण्याची ढब, तोंडातल्या तोंडात पुटपुटणे, मध्येच अधिकाऱ्याकडे वरिष्ठाने कनिष्ठाकडे पाहावे तसे पाहणे, एवढ्यावर त्यांनी माणूस उभा केला आहे. त्या नजरेत संशयाचा लवलेश नाही, आणि म्हणूनच ती असह्य होते. दिग्दर्शकाने आपल्याला चकविण्याचा प्रयत्न केलेला नाही. खुनी कोण हे आरंभापासून ठाऊक आहे. भय आहे ते त्याच्या तर्काच्या सुसंगतीचे.

कश्यप यांनी निराळा मार्ग धरला. आपला चित्रपट त्या मूळ माणसावर नाही असे ते आरंभीच बजावतात, आणि आजच्या मुंबईत रमन्ना नावाचा खुनी व राघवन नावाचा व्यसनी पोलीस अधिकारी अशी जोडी उभी करतात. नवाजुद्दीन सिद्दिकी यांचा रमन्ना या अधिकाऱ्यात आपले दुसरे अर्धे अंग पाहतो. एक रामन, एक राघव, दोघे मिळून एक. चित्रपटाच्या पूर्वार्धात एक फार उत्तम कल्पना आहे. रमन्ना आपण होऊन गुन्हे कबूल करावयास जातो, आणि पोलीस त्यावर विश्वासच ठेवीत नाहीत. भ्रमिष्टाची खरी साक्ष खोटी ठरते. बहिणीच्या घरातला लांबलेला प्रसंगही सहजी विसरता येणार नाही. पाहुणा आला आहे आणि त्याला जा म्हणता येत नाही, ही आपल्या घरांतील नित्याची अडचण तेथे मृत्यूचे रूप घेते. इतके असूनही हा चित्रपट मला राघवन यांच्या चित्रपटापेक्षा उणा वाटतो. कारण खुनी आणि पोलीस एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे सिद्ध करण्याच्या हौसेने दिग्दर्शकाने रमन्नाच्या भ्रमालाच शेवटी खरे ठरविले. जे रोग्याचे लक्षण होते ते चित्रपटाचे तत्त्वज्ञान झाले. निवेदकाचा भ्रम रंगविणे वेगळे, आणि त्याच्या भ्रमाखाली लेखकाने स्वतःची सही करणे वेगळे.

कोणी म्हणेल, कलेने रोगाच्या वैद्यकीय व्याख्येला का बांधून घ्यावे? आक्षेप रास्त आहे. चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त परशुरामाला समुद्रकाठी भेटलेला तो पुरुष सिद्ध होता की भास, याचा दाखला आपण वैद्याकडे मागत नाही. पण तेथे लेखक त्या भासाची किंमत वसूल करतो; परशुरामाच्या श्रद्धेने निरपराधाचा बळी जातो आणि तो बळी आपल्याला दिसतो. २००४ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी काढलेल्या ‘देवराई’तही तोच प्रामाणिकपणा आहे. अतुल कुलकर्णी यांचा शेष कोकणातल्या देवराईने झपाटलेला आहे. परंतु त्याच्या मनात जितके आपण शिरतो तितकेच त्याची बहीण सीना हिच्या थकलेल्या चेहऱ्याकडेही पाहतो. तो चित्रपट रहस्यपट नाही हे मान्य. मात्र स्किझोफ्रेनिया झालेली बहुसंख्य माणसे शेषसारखी असतात, रामनसारखी नव्हेत, हे ज्या घरांत असा रुग्ण आहे त्या घरांना ठाऊक असते, आणि रहस्यपटांमुळे त्यांच्याच दाराकडे शेजारी वळून पाहू लागतात. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने रमन्नाचा चित्रपट अर्ध्यावर बंद केला तो रक्तपाताच्या भीतीने नव्हे, शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा जागा होता म्हणून.

मराठीत ही वाट अजून पुरती तुडविली गेलेली नाही. दिवाकर कृष्णांनी १९२७ च्या ‘समाधी आणि इतर सहा गोष्टी’पासून कथेला मनाच्या आत नेले, बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार व काळापहाड यांच्या शेकडो पुस्तकांतून गुन्ह्याला घराघरांत आणले. पण मन शोधणारे लेखक गुन्ह्याकडे फिरकले नाहीत, आणि गुन्हा शोधणाऱ्यांना मनाशी कर्तव्य नव्हते. अर्नाळकरांच्या शेवटच्या पानावर सगळे जागच्या जागी येते; वाचकाचे जग त्याला साभार परत मिळते. रामन राघवच्या कबुलीजबाबाला असे शेवटचे पानच नाही.

दोन्ही चित्रपटांत मला जे आढळले नाही ते येथे नमूद करतो. त्या रात्री निजलेली माणसे त्यांत जवळजवळ नाहीत. ती उपनगरांतली मोलमजुरी करणारी, बाहेरगावाहून पोटासाठी आलेली माणसे. त्यांची नावे तेव्हाच्या नोंदींत असतील, लोकांच्या स्मरणात नाहीत. खुन्याची टोपणनावेसुद्धा, सिंधी दलवाई, तंबी, अण्णा, वेलुस्वामी, आपल्याला पाठ आहेत. मारणाऱ्याचे मन वेडेवाकडे का होईना, पाच बैठकींत लिहून ठेवले गेले. ज्यांची झोप मोडलीच नाही त्यांच्या वतीने बोलणारा निवेदक अद्याप कोणी निर्माण केलेला नाही, विश्वसनीयही नाही आणि अविश्वसनीयही नाही.

तज्ज्ञांच्या पाचव्या बैठकीच्या शेवटी, असे नमूद आहे, त्यांनी निरोप घेताना त्याच्यापुढे हात केला. त्याने तो घेतला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी असल्यामुळे या दुष्ट जगातील माणसांना स्पर्श करीत नाही, असे त्याने सांगितले.