पूज्य नायकांच्या सावलीतली कादंबरी

२०२५च्या जानेवारीत शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेल्या ‘छावा’ चित्रपटाचा ट्रेलर आला आणि संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले म्हणून गदारोळ उठला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना ते दृश्य काढावं लागलं. राजा घटकाभर आनंदाने नाचला, एवढीही कल्पना सोसवत नसेल, तर मराठी कादंबरीने गेली साठ वर्षं वाचकाच्या मनाची मशागत कशी केली, हे विचारायलाच हवं.

‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ यांची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. मराठी मनातला कर्ण आज व्यासांचा कमी, ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंतांचा जास्त आहे. रमा-माधव तर ‘स्वामी’कार रणजित देसाईंचेच. पण सावंतांनी कर्णाबरोबर दुर्योधनालाही स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं होतं. त्यांच्या वाटेने निघालेल्या आजच्या जाडजूड चरित्र-कादंबऱ्यांत नायक पहिल्या पानापासून पूज्य. वाचकाने फक्त हात जोडायचे.

मराठी कादंबरीचा पाया वेगळाच होता. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो’ छापायला घेतली, तेव्हा कथन कोवळ्या वयात विधवा होणाऱ्या यमूकडे सोपवलं. विधवांची दया येणारे तेव्हाही पुष्कळ होते. केशवपनाला बसवलेल्या बाईची दहशत पुरुष वाचकाच्या अंगावर आणणं मात्र व्याख्यानांना जमण्यासारखं नव्हतं. ते यमूच्या ‘मी’ने केलं. पुढे ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) दया पवारांनी शहरात स्थिरावलेला लेखक आणि त्याच्याच आतला महारवाड्यातला दगडू यांना समोरासमोर बसवलं. इथे वाचकाला हात जोडून सुटता येत नाही.

हा धागा तुटलेला नाही, म्हणून तर जास्त चीड येते. जयंत पवारांनी ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहात मुंबईतल्या देशोधडीला लागलेल्या माणसांना आवाज दिला. नंदा खरेंच्या ‘उद्या’त माणसांवर सतत पाळत आहे, मुलींची संख्या रोडावली आहे, आणि ते जग ओळखीचं वाटून वाचणारा दचकतो. या कादंबरीला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, खरेंनी तो नाकारला. बातमी दोन दिवस चालली. कादंबरीबद्दल बोललं गेलं ते किती?

यावर ठरलेलं उत्तर येतं: असलं वाचून उमेद खचते, लोकांना प्रेरणा हवी. यमूने कुणाला प्रेरणा दिली? तिने झोप उडवली. आणि सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या कर्णासाठी डोळे पुसणारा वाचक दगडूची जात निघताच ‘हे फार एकांगी आहे’ म्हणत असेल, तर त्या अश्रूंनी त्याला काय शिकवलं? परीक्षणांत ‘प्रेरणादायी’ हा शेरा मारणाऱ्यांनी आधी एवढं तरी तपासावं, की नायक कधी घाबरतो का, चुकतो का, आणि त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसाला पुस्तकात बोलू दिलं आहे का.