कर्ण सांगतात, रुंदी सांगत नाहीत

मागे ऐकू येतंय ना? पंख्याचा आवाज फार होत असेल तर सांगा.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, या वेळी पुस्तकावर नाही, एका वस्तूवर बोलते. त्यांना वाटलं असणार हिमरू, पैठणी, नाहीतर वेरूळची एखादी मूर्ती. मी म्हटलं, मोबाइल. पलीकडे जरा वेळ शांतता होती. (हशा) पण मी गमतीनं म्हटलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, फावल्या वेळात पुस्तकांची परीक्षणं लिहिली. परीक्षण करताना आपण काय विचारतो? या मजकुराला हेच रूप का दिलं, आणि त्या रूपानं मजकुराचं भलं केलं की वाटोळं केलं. मग आज आपण ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त मराठी वाचतो, तिला हा प्रश्न कोणीच का विचारत नाही?

निमित्त घरगुती आहे. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. मी दिवसाचे चार-पाच तास फोनवर वाचते. वर्तमानपत्र, दिवाळी अंकांच्या पीडीएफ, नव्या मुलांनी पाठवलेल्या कथा. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, तो डबा टाकून दे आता. मोठा घे, डोळ्यांना बरं पडेल." सून म्हणाली तेच, शेजारच्या काकू म्हणाल्या तेच. मोठा घ्या. सगळ्यांच्या बोलण्यात शब्द एकच, मोठा.

म्हणून पैठण गेटला गेले. तिथली मोबाइलची दुकानं तुम्हाला माहीत आहेतच, एकाला लागून एक. दुकानातला पोरगा हुशार होता. म्हणाला, "काकू, छोटा कायकू लेते? ये देखो, छह पॉइंट सात. आँखों को आराम." किंमत एकतीस हजार. माझा फोन 2020 मध्ये घेतलेला, साडेसहा इंची. पर्समध्ये ब्लाउजच्या मापासाठी ठेवलेली टेप होती. ती काढली आणि दोन्ही पडद्यांची रुंदी मोजली. पोरगा बघतच राहिला. म्हणाला, "काकू, ऐसे कोई नापता नै." (हशा) नवा किंचित रुंद दिसत होता, पण टेपवर फरक सांगता येईना. "अच्छा, कल आती हूँ" म्हणून घरी आले. कपाटात यजमानांचा 2017चा बंद पडलेला फोन होता, साडेपाच इंची. तोही मोजला. तोही जवळपास तेवढाच रुंद!

आता इथे नववीची भूमिती लागते. घाबरू नका, गणित माझंही बेताचंच. फोनचे जे इंच सांगतात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे. म्हणजे कर्ण. ही पद्धत टीव्हीतून आली. सुरुवातीच्या टीव्हीच्या काचेच्या नळ्या गोल असायच्या, त्यांचा व्यास सांगत. नळ्या चौकोनी झाल्या तरी सवय तीच राहिली. टीव्हीत ते चालून जायचं, कारण एका काळातल्या सगळ्या टीव्हींचा आकार सारखा असायचा. फोनचं तसं राहिलं नाही. 2017 पर्यंत बहुतेक फोन सोळाला नऊ या प्रमाणात होते. त्या वर्षी एलजीचा जी सिक्स आला अठराला नऊ, पाठोपाठ सॅमसंगचा एस एट त्याहून उंच, आणि आता बाजारात बरेच फोन वीसला नऊ आहेत. रुंदी नऊ भाग, उंची वीस भाग.

पायथागोरसला कामाला लावलं तर असं निघतं. साडेपाच इंची, सोळाला नऊचा फोन साडेअडुसष्ट मिलिमीटर रुंद. साडेसहा इंची, वीसला नऊचा सदुसष्ट-अडुसष्टच्या मध्ये. म्हणजे कर्ण एक इंच वाढला आणि रुंदी केसभर कमी झाली! आणि तो एकतीस हजारांचा सहा पॉइंट सात? सत्तरला थोडा कमी. माझ्या फोनपेक्षा दोन मिलिमीटर जास्त. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढे. मिलिमीटरला साडेपंधरा हजार रुपये पडले. (हशा) पैठणीसुद्धा इतकी महाग नसते हो.

मग तो वाढलेला इंच गेला कुठे? उंचीत. 2017च्या फोनचा पडदा 122 मिलिमीटर उंच होता, माझा 151, नवा 155. आणि फोन जितका अरुंद आणि उंच, तितकं त्याच कर्णात क्षेत्रफळ कमी बसतं. साडेसहा इंचांचा पडदा जुन्या प्रमाणात केला असता तर जागा जास्त मिळाली असती, पण तो मुठीत मावला नसता. हाताच्या पंजाला मर्यादा आहे, जाहिरातीतल्या आकड्याला नाही. त्यातून काढलेली ही वाट. बाकी, या उंचीचा फायदा कोणाला होतो तेही बघा. बोटानं वर सरकवत जायचं, खालून पुढची गोष्ट आलीच पाहिजे. उभे व्हिडिओ, एकाखाली एक पोस्टी. त्या कामाला ही वस्तू चोख आहे, मी नाव ठेवत नाही. पण वाचणाऱ्याला ओळ लागते, आणि ओळ आडवी असते.

त्यात आपली ओळ. इंग्रजी शब्द आखूड असतात, सुटे असतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "विद्यार्थ्यांसाठीसुद्धा" हा एक शब्द. ऑपरेशननंतर मी अक्षर दोन घरं मोठं केलं, तर असा एक शब्द अख्खी ओळ खातो. इंग्रजीत शब्द तोडून मध्ये रेघ देतात, मराठीत बहुतेक ॲपांना ते जमत नाही. मग एका ओळीत दोन शब्द, पुढे मोकळी जागा, खालच्या ओळीत एकच शब्द. गद्याची मुक्तछंदातली कविता होते. आणि आपल्या अक्षराला वरही जागा लागते, खालीही. वर रफार, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, कधी दोन मजली जोडाक्षर. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. एवढंच कशाला, आपल्या शहराचं नाव घ्या. बसच्या ॲपमध्ये मी अक्षर मोठं ठेवलं की "छत्रपती सं" आणि पुढे तीन टिंबं. तिकीट काढते आहे, गावाचं नाव पूर्ण दिसत नाही.

इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आपल्याकडची जुनी पोथी डोळ्यांपुढे आणा. आडवी. सुटी पानं, रुंद आणि आखूड. ताडपत्राचा आकार कागदावर आला आणि तसाच राहिला. त्यात ओव्या सलग लिहिलेल्या असत, दंड आणि आकडा घालून एक संपली की दुसरी सुरू. जागा वाचायची, पण ओळ लांब असल्यामुळे ओवी एका दमात नजरेत यायची. छापखाने आले तेव्हा ओवी दोन ओळींत मांडायला लागले, चौथा आखूड चरण डोळ्यांना दिसायला लागला. दोन्ही मांडण्यांत कोणीतरी विचार केला होता. फोनवर ओवी कुठेही मोडते. तिसऱ्या चरणाचं यमक एका ओळीच्या मध्यात अडकतं आणि चौथ्या चरणाची दोन अक्षरं एकटीच खाली पडतात. हे वाचून नव्या मुलाला वाटलं की ओवीला लय नसते, तर दोष त्याचा नाही.

आणि आपल्या लोकांना आकाराचं भान नव्हतं असं नाही. पारायणाला पोथी, वारीला गुटका. एकाच घरात दोन्ही असायचे. गुटक्याचं अक्षर बारीक, पण तो झोळीत मावायचा, आणि ज्याला पाठच होतं त्याला आधारापुरता पुरायचा. आजीला कोणी म्हटलं नाही की, पोथी आली, आता गुटका जुना झाला. दोघांची कामं वेगळी. फोनवाले एकाच वस्तूत दोन्ही कोंबायला गेले आणि झालंय काय की ती खिशातही नीट मावत नाही आणि तिच्यात ओळही नीट मावत नाही.

याचा इतिहास थोडा मजेचा आहे. 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्स म्हणाले होते की मुठीत न मावणारा मोठा फोन कोणी घेणार नाही. तेव्हा आयफोन साडेतीन इंची होता. 2011 मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट आला, पाच पॉइंट तीन इंची, आणि लोक हसले, कानाला पाटी लावल्यासारखं दिसतं म्हणाले. तो सोळाला दहा प्रमाणात होता. त्याची रुंदी काढली तर एकाहत्तर मिलिमीटर. म्हणजे ज्या फोनला अवाढव्य म्हणून हसलो, तो आजच्या या सहा पॉइंट सातपेक्षा रुंद होता! 2014 मध्ये ॲपलनं स्वतःच साडेपाच इंची काढला. पुढे 2020 आणि 2021 मध्ये छोटा मिनी काढून बघितला, आणि 2023 मध्ये बंद केला. आता दुकानात निवड उरली आहे ती मोठा आणि त्याहून मोठा यांच्यात. याहून रुंद फोन आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्या किमतीला माझं पेन्शन पुरत नाही. आणि 2019 पासून पुस्तकासारखे उघडणारे घडीचे फोन आले आहेत. मला ते कंपन्यांनी दिलेल्या कबुलीसारखे वाटतात. रुंदी लागते, हे त्यांनाही कळलंय. फक्त ती महाग मिळते.

माझी खरी तक्रार परीक्षणं करणाऱ्यांबद्दल आहे. मी पंधरा-वीस व्हिडिओ बघितले, त्यात मराठीही बरेच. मुलं चांगलं बोलतात. डबा उघडतात, प्रोसेसर सांगतात, गेम चालवून फोन किती तापतो ते बघतात, सूर्यप्रकाशात धरून दाखवतात. एकानंही त्यावर मराठीचं एक पान वाचून दाखवलं नाही. एकानंही अक्षर मोठं करून बँकेचं ॲप उघडलं नाही. मी उघडते रोज. "पुढे जा" हे बटण पडद्याखाली जातं आणि वर सरकतच नाही. मग अक्षर लहान करायचं, पैसे पाठवायचे, पुन्हा मोठं करायचं. पुस्तकाचं परीक्षण करताना कागदाचं वजन आणि बांधणी सांगून मी मजकुराबद्दल गप्प बसले असते, तर संपादकांनी लेख परत पाठवला असता.

नव्या फोनच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हे परीक्षण राहणार नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. दिवाळीत भाची आली होती, तिच्या नव्या फोननं पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा मुकुट नीट दिसला, माझ्या फोनमध्ये तपकिरी धुकं आलं. इथे फरक खरा आहे. बॅटरीचा फरकही वाटतो, पण तो फसवा. लिथियमची बॅटरी काही शेकडो वेळा भरली-रिकामी झाली की तिची ताकद उतरतेच. बॅटरी बदलली की जुना फोनही दिवसभर चालतो, आणि पैठण गेटलाच ती बदलून मिळते, फोनच्या किमतीच्या मानानं किरकोळ पैशांत. मी बदलली.

पण एका गोष्टीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख असते. घरी गेल्यावर बघा. माझी तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली. वाचायला त्यानं काही बिघडत नाही. पण माझं पेन्शन त्याच फोनवरून हलतं, भाजीवाल्याला पैसे त्यावरूनच जातात. आणि ॲपवाले कधीतरी दार बंद करतातच. 2025 उजाडलं तेव्हा व्हॉट्सॲपनं अँड्रॉइड किटकॅटवर चालणं थांबवलं. माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा धड चालणारा फोन एका दिवसात मुका झाला. तेव्हा फोन बदलायचं कारण आहे. ते मोठेपणाचं नाही, एवढंच. आणि दुकानात त्याबद्दल कोणी आपण होऊन बोलत नाही. गूगलनं 2023 मध्ये पिक्सेल एटला आणि सॅमसंगनं 2024 मध्ये एस ट्वेंटीफोरला सात-सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. स्वस्त फोनांत ही वर्षं कमी असतात, आणि डब्यावर ठळक काय छापतात, तर इंच आणि मेगापिक्सेल.

म्हणून मी असं ठरवलंय. फोन घेणार, पण आहे त्यापेक्षा मोठा नाही, आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी विचारून. वाचायला मुलाचा जुना दहा इंची टॅब मागवलाय. उभा धरला की तेरा-साडेतेरा सेंटिमीटर रुंद भरतो. परवा आला. काचेला एक चीर आहे, कोपऱ्यात, पण अक्षर मोठं ठेवूनही ओवी दोन ओळींत बसते. बसून वाचते त्यावर. पडून वाचायची सोय नाही, तो नाकावर पडला तर ऑपरेशन नाकाचं करावं लागेल. (हशा)

हां, तिकडे ताईंनी हात वर केलाय. ... त्या विचारतायत की त्यांच्या अंगठ्याचा सांधा दुखतो, मोठा फोन एका हातात धरवत नाही, मग काय करायचं. ताई, दुकानात जाल तेव्हा नुसता बघू नका. हातात धरा, अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला लावून बघा, आणि तो पोरगा बोलतोय तोवर पाच मिनिटं तसाच धरून उभ्या राहा. आणि टेप घेऊन जा. माझी हवी तर देते.