तोडीचा गंधार आणि ऑर्लेमचा ट्रम्पेट

मालाड स्टेशनवरून मालवणीची बस पकडली की मार्वे रोडवर आधी ऑर्लेम लागते आणि मग आमची मालवणी. ऑर्लेमच्या खिडक्यांतून गिटार ऐकू यायची. आमच्याकडे उरुसाच्या, लग्नाच्या रात्री कव्वाली. दोन्ही वस्त्यांत सारखे वाजायचे ते फक्त हिंदी सिनेमाचे गाणे. त्या गाण्यामागचा ट्रम्पेट, व्हायोलिन, ड्रम वाजवणारे बहुतेक गोवेकर ख्रिस्ती आहेत, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले. सिनेमाच्या पाटीवर त्यांची नावे नसत.

हे सगळे पुन्हा आठवले ते चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर मिळालेल्या एका जुन्या एलपीमुळे. शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल', १९६८ सालची. अकरा राग, अकरा तुकडे. तोडीने सुरुवात आणि मैफलीच्या रिवाजाप्रमाणे भैरवीने शेवट. सतार उस्ताद रईस खान यांची. सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, ड्रम्स लेस्ली गोदिन्हो, बास एडी ट्रॅव्हास, गिटार दिलीप नाईक आणि आनिबाल कॅस्ट्रो, तबल्यावर रमाकांत. इंदूरला जन्मलेला उस्ताद, कलकत्त्याहून आलेला नेपाळी सॅक्सोफोनवादक, गोव्याचे ख्रिस्ती, हैदराबादेत वाढलेला एक संगीतकार आणि गुजरातेतल्या बांसद्याचा दुसरा. यातले कोणीही काही 'समन्वय' साधायला जमले नव्हते. हे लोक रोज स्टुडिओत एकत्र काम करीत होते, तेच त्यांनी येथेही केले.

काळ ध्यानात घ्यायला हवा. बीटल्सनी १९६५ मध्ये सतार वाजवली आणि जगभर सतारीचे वेड पसरले. लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे जो हॅरियट यांनी 'इंडो-जॅझ सूट' काढला, तो १९६६ मध्ये. तेव्हा एचएमव्हीला असा आल्बम का हवासा वाटला असेल, हे सांगायला नको. पण मुंबईत जॅझ सतारीच्या वेडाने आलेला नाही. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजत होता, त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून ही विद्या उचलली ती गोवेकरांनी. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आल्यामुळे ती त्यांना पेलली. पुढे हॉटेलांतले काम आटले आणि ते सिनेमाकडे वळले.

आता ऐकण्याविषयी. जॅझ म्हणजे काय, असे आमच्याकडचे कोणी विचारले तर मी कव्वालीचेच उदाहरण देतो. मुख्य कव्वाल मिसरा म्हणतो, साथीदार तो उचलून धरतात. मध्येच एकजण सरगम घेऊन निसटतो, बाकीचे टाळीवर जागा धरून थांबतात, आणि तो फिरून पुन्हा मिसऱ्यावर येतो. जॅझमधला एकल वादकही असाच सुटतो आणि असाच परत येतो. हा हिशेब ज्याच्या कानात आहे त्याला ही एलपी परकी वाटणार नाही. सतार मुखडा मांडते, सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट जबाब देतो, खाली बास चालत राहतो.

कलावतीचा तुकडा सर्वांत सहज बसतो. त्याला कारण आहे. सा, ग, प, ध आणि कोमल नी एवढेच कलावतीचे स्वर, आणि जॅझवाल्यांच्या नेहमीच्या सेव्हन्थ कॉर्डचे चारही स्वर त्यात आयते मिळतात. कोणाला वाकावे लागत नाही. ऐकायला गोड, आणि दोन वेळा ऐकल्यावर संपून जाणारा.

खरी परीक्षा तोडीची. तोडीचा कोमल गंधार पियानोच्या पट्टीवर जिथे आहे तिथे नसतोच, त्याच्याही खाली असतो. सतारिया तार ओढून तो घेतो. पण ट्रम्पेटला तर फक्त तीन कळा. ही शंका मी ऑर्लेमच्या एका अंकलना विचारली. त्यांनी आयुष्यभर लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, आणि रेकॉर्ड प्लेअर अजून चालू असलेले माझ्या ओळखीत तेच एक घर. त्यांनी तोडी दोनदा ऐकली. मग कपाटावरून ट्रम्पेट उतरवून एक सूर लावला आणि कळा न हलवता, नुसते ओठ सैल करून, तो खाली सोडला. म्हणाले, "हे बघ, बोटं तिथंच आहेत. हॉटेलात ब्लूज वाजवायचो तेव्हा असंच करायचो. तुझ्या खानसाहेबांना पण हेच पाहिजे ना?"

हेच पाहिजे होते. ब्लूज गाणाऱ्यांचा गंधारही पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत राहतो. त्या काळ्या लोकांनी तो कुठून आणला आणि आमच्या उस्तादांनी कुठून, याचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोघांनाही तो गळ्यातून मिळाला. रईस खान ज्यांचे भाचे, त्या विलायत खानांनी सतार गायकी अंगाने वाजवली, म्हणजे तारेने गायचे ठरवले. याच्या बरोबर उलटे काम न्यूयॉर्कच्या 'मॅनहॅटन ट्रान्सफर' या चौघांच्या गायकवृंदाने केले. त्यांच्या १९८५ च्या 'व्होकलीज' या आल्बमसाठी जॉन हेंड्रिक्स यांनी जॅझच्या वाद्यरचनांवर शब्द बसवले आणि सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या हरकती या चौघांनी गळ्याने गायल्या. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला निरोपाची मैफल करून तो वृंद थांबला. त्यांनी वाद्य गळ्यात आणले, आमच्यांनी गळा तारेत नेला. मी दोन्ही एकापाठोपाठ ऐकतो तेव्हा हे एकाच घरातले उलटसुलट प्रवास वाटतात.

या एलपीबद्दल जे काही लिहिले-बोलले जाते त्यात एक कौतुक ठरलेले असते: काय सुंदर फ्यूजन! मला हे कौतुक ओळखीचे आहे. साहित्याच्या कार्यक्रमांतून आम्हाला सांगतात, "तुम्ही किती छान मराठी बोलता!" सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण आमच्या घरात फुफू आणि खाला ज्या वाक्यात येतात ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मराठीच आहे. आम्ही दोन भाषा आणून जोडलेल्या नाहीत. जॉन परेरा यांच्या ट्रम्पेटलाही तसेच म्हणता येईल. मुंबईत वर्षानुवर्षे रागदारीवर बेतलेली गाणी वाजवलेल्या माणसाला तोडी परकी कशी असेल?

तरीही आल्बममध्ये उणे आहे, आणि ते प्रेमापोटी झाकू नये. एका एलपीत अकरा राग म्हणजे एकाच्या वाट्याला सरासरी तीन-साडेतीन मिनिटे. मियाँ मल्हारचे दोन निषाद एकमेकांना घासून डोलतात, त्यासाठीच तर तो राग. त्या डोलण्याला वेळ लागतो, आणि येथे लय घाई करते. तबला आणि ड्रम्स एकत्र आले की तबला बऱ्याचदा मागे पडतो. काही तुकड्यांत सिनेमाचा संगीतकार डोके वर काढतो आणि रागाच्या जागी गाण्याची चाल ऐकू येऊ लागते. जॅझमध्ये एकल वादकाला जी मोकळीक असते ती रईस खानांना थोडी मिळाली आहे, बाकीच्यांना फारच थोडी. मनोहारी सिंगांना आणखी दोन मिनिटे दिली असती तर काय झाले असते, असे दर वेळी वाटते.

आल्बमवर मोठे नाव शंकर-जयकिशन यांचे. जयकिशन १९७१ मध्ये गेले, शंकर १९८७ मध्ये. रईस खान १९८६ मध्ये पाकिस्तानात स्थायिक झाले आणि २०१७ मध्ये कराचीत वारले. मुंबईत त्यांनी मदन मोहन यांच्या गाण्यांत वाजवलेली सतार आजही रोज कुठे ना कुठे लागते, आणि ऐकणाऱ्याला वाजवणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. या एलपीत निदान तीन-तीन मिनिटे तरी ते नाव लपत नाही.

अंकलनी एलपी महिनाभर ठेवून घेतली. परत आणायला गेलो तेव्हा तबकडीवर दुसरी बाजू वर होती. त्यांना शिवरंजनी आवडला म्हणे. तोडी मात्र, ते म्हणाले, सकाळी ऐकायची गोष्ट नाही, काम करू देत नाही. मी त्यांना सांगितले की आमच्यात ती सकाळीच गातात.